दिवाळीत आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी कधी शोधावेत?

कोथरूडकर: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून सहकुटुंब अलिबागजवळच्या आक्षीला जात आहोत. ऑयस्टरकॅचर किंवा क्रॅब प्लोव्हर दिसण्याची शक्यता कोणत्या वेळी अधिक असेल? पहाटेच जावे, असे सगळे सांगतात.

खाडीकाठ: पहाटेचा नियम भिगवणच्या जलाशयावर ठीक आहे, समुद्रावर मात्र घड्याळापेक्षा तिथी पाहावी. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाणाची भरती, आणि ती आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमारास येते. पहाटे ओहोटी असल्याने पक्षी ओल्या वाळूवर इतके लांब विखुरलेले असतात की दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. नऊ-साडेनऊला किनाऱ्याच्या वरच्या बाजूला शांत बसून राहावे. पाणी चढेल तसे थवे आपणहून जवळ सरकतात. ऑयस्टरकॅचर लांब केशरी-लाल चोचीमुळे चटकन ओळखता येतो. क्रॅब प्लोव्हर मात्र नशिबाचा भाग.

टिटवी: सहमत. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, हे भाऊबीजेपर्यंत राहणार असाल तर ध्यानात ठेवावे. दुर्मिळाच्या नादात सँड प्लोव्हरकडे दुर्लक्ष करू नये. हिवाळी पिसाऱ्यात त्याचे लेसर आणि ग्रेटर हे दोन्ही प्रकार राखी-तपकिरीच दिसतात, तेव्हा चोच पाहावी, ग्रेटरची लांब आणि दणकट असते. छायाचित्रासाठी थवा मात्र उठवू नये.

कोथरूडकर: आभारी आहे. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरेल का?

खाडीकाठ: भरतीला पुरेल, ओहोटीला नाही.