एएससी स्पेक दिसला की इन्फ्लमासोम चालू झाला असं लिहावं का?

केंद्रकाशेजारी (धागाकर्ता)
माझं मत स्पष्ट आहे: लिहावं. इन्फ्लमासोम म्हणजे धोका ओळखून पेशीत जुळणारा, दाह सुरू करणारा प्रथिनांचा संच; स्पेक म्हणजे त्यातलं एएससी गोळा होऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा ठिपका. एएससी हे मधलं, जोडणारं अडॅप्टर प्रथिन. जेमतेम २२ किलोडाल्टनचं, एका टोकाला पीवायडी, दुसऱ्या टोकाला कार्ड (दोन्ही इतर प्रथिनांना धरणारे भाग). स्वतः काहीही कापत नाही. पेशीतलं पोटॅशियम बाहेर गेलं की एनएलआरपी३ (धोका ओळखणारं प्रथिन) जागं होतं, त्याचं पीवायडी एएससीच्या पीवायडीला धरतं, त्यातून धागे वाढतात आणि कार्डच्या बाजूने ते एकमेकांत गुंततात. पेशीभर विखुरलेलं एएससी काही मिनिटांत साधारण १ मायक्रोमीटरच्या एकाच ठिपक्यात गोळा होतं. कॅस्पेस-१ (प्रथिनं कापणारं विकर) तिथेच जमतं. आयएल-१ बीटाच्या (दाहाचा संकेत देणारं प्रथिन) एलायझाचा (अँटिबॉडीने प्रमाण मोजणारी चाचणी) आकडा प्रायमिंगमध्ये (पेशीच्या आधीच्या तयारीत) प्रो-आयएल-१ बीटा (त्याचं न कापलेलं रूप) किती बनलं त्यावर हलतो. स्पेकला ते बंधन नाही. तो असतो किंवा नसतो.

कापलेला_तुकडा
साफ असहमत. गफलत दोन्ही बाजूंनी होते. एनएलआरसी४ला (धोका ओळखणारं दुसरं प्रथिन) स्वतःचं कार्ड आहे, ते कॅस्पेस-१ला थेट धरू शकतं. त्यामुळे एएससी नसलेले मॅक्रोफाजही (जंतू गिळणाऱ्या पेशी) साल्मोनेला जीवाणू शिरल्यावर पायरोप्टोसिसने (पेशी फुटून होणाऱ्या दाहकारी मृत्यूने) मरतात, फक्त आयएल-१ बीटा फार कमी निघतं. कार्ड८ (असंच आणखी एक प्रथिन) तर एएससीला घेतच नाही. म्हणजे स्पेक नाही म्हणून इन्फ्लमासोम नाही, हे चूक.
आता उलट बाजू. एचईके२९३टी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींत एएससीचा प्लास्मिड (जनुक वाहणारा डीएनए) थोडा जास्त पडला की कुठल्याही उद्दीपनाशिवाय स्पेक होतात. डीएनए नॅनोग्रॅमच्या हिशेबात ठेवून चढती मात्रा लावली नाही आणि एकट्या एएससीचा कंट्रोल ठेवला नाही, तर त्या चित्राला काही किंमत नाही. आणि आरएडब्ल्यू २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफाजसारख्या) पेशी वापरणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे की त्या पेशी एएससी बनवतच नाहीत!

केंद्रकाशेजारी
हे प्रयोगाचे दोष झाले, मापनाचे नाहीत. पेशीचं स्वतःचं एएससी रंगवा. पीएमए (पेशींना मॅक्रोफाजसारखं बनवणारं रसायन) देऊन चिकटवलेल्या टीएचपी-१ (मानवी मोनोसाइट) पेशी, एलपीएस (जीवाणूच्या आवरणातला घटक, प्रायमिंगसाठी) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली ३ ते ४ तास, मग नायजेरिसिन (पोटॅशियम बाहेर काढणारं) १० मायक्रोमोलर ४५ मिनिटं. नायजेरिसिनच्या आधी व्हीएक्स-७६५सारखा कॅस्पेस-१ रोधक द्यायचा, नाहीतर मरणाऱ्या पेशी सुटतात, धुण्यात वाहून जातात आणि नेमक्या स्पेकवाल्याच कमी मोजल्या जातात. पुढे ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, ०.१ टक्का ट्रायटन (पेशीचं आवरण सच्छिद्र करणारं), अँटिबॉडी.

कापलेला_तुकडा
तुम्हीच उत्तर दिलंत की! कॅस्पेस-१ बंद करूनही स्पेक उत्तम दिसतात, पण त्या पेशींतून परिपक्व आयएल-१ बीटा जवळजवळ येत नाही. स्पेक जुळणी दाखवतो, क्रिया नाही. 'चालू झाला' लिहायचं तर पी२० कॅस्पेस (कॅस्पेस-१चा कापलेला तुकडा) आणि गॅसडर्मिन-डीचा (पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारं प्रथिन) साधारण ३० किलोडाल्टनचा तुकडा ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) दाखवा.

सीरमविना
दोघांनी न घेतलेला मुद्दा: स्पेक पेशीबाहेरही पडतात (२०१४ साली दोन गटांनी हे दाखवलं) आणि शेजारचे मॅक्रोफाज ते गिळतात. त्या पेशीत ठिपका दिसेल, पण तिथे तो जुळलेला नसेल. म्हणून चोवीस तासांनी मोजलेल्या स्पेकवर माझा विश्वास बसत नाही. पहिल्या तासाभरातलेच मोजावेत.
ब्लॉटवाल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. सुपरनॅटंटमध्ये (पेशींवरच्या द्रवात) सीरम राहिलं तर अल्ब्युमिन लेन बिघडवतं. उद्दीपनाच्या वेळी सीरमविना माध्यम घ्या आणि मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने प्रथिन खाली बसवा. आयएल-१ बीटा १७ किलोडाल्टनवर दिसलं पाहिजे. ३१वर दिसतं ते फुटलेल्या पेशीतून गळलेलं कच्चं प्रथिन, आणि बऱ्याच एलायझा किटना हा फरक कळत नाही.
मधला मार्ग हवा असेल तर ट्रायटनमध्ये न विरघळणारा गाळ २ मिलिमोलर डीएसएसने (प्रथिनं एकमेकांना बांधणारं रसायन) अर्धा तास जोडून घ्या. एएससीचे डायमर, ऑलिगोमर (दोन किंवा अनेकांचे जोड) ब्लॉटवर पायऱ्यांसारखे दिसतात. एमसीसी९५० (एनएलआरपी३चा रोधक) किंवा बाहेर ५० मिलिमोलरहून जास्त पोटॅशियम क्लोराइड दिल्यावर पायऱ्या गेल्या तर एनएलआरपी३ म्हणा. एआयएम२वर (डीएनए ओळखणारं प्रथिन) यातलं काही चालत नाही.

केंद्रकाशेजारी
गिळलेल्या स्पेकचा मुद्दा मान्य, वेळेची अट घालायलाच हवी. पण औषधं चाळायला पहिली चाळणी म्हणून मी स्पेकच धरणार. रेणू दिल्यावर स्पेकही गेले आणि आयएल-१ बीटाही गेलं, तर तो एएससीवर किंवा त्याच्या आधी अडवतो. स्पेक तसेच राहून आयएल-१ बीटा गेलं, तर तो पुढे, कॅस्पेस किंवा गॅसडर्मिनपाशी. नुसत्या एलायझातून हे कळणार नाही.

कापलेला_तुकडा
फक्त रेणू एलपीएसनंतर आणि नायजेरिसिनच्या आधी दिला असेल तरच. आधीपासून दिलात तर एनएफ-कप्पाबी (प्रायमिंगची जनुकं चालू करणारा घटक) दाबणारा कुठलाही रेणू एनएलआरपी३च कमी बनू देईल, स्पेक आपोआप घटतील आणि तुम्ही त्याला इन्फ्लमासोमचा रोधक म्हणून छापाल.

सीरमविना
शिवाय प्लेटच्या त्याच विहिरीतलं एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं विकर) मोजा. रेणूने पेशी आधीच मारल्या असतील, तरीही स्पेक कमीच दिसतात.