फिरतं वेळापत्रक: पाळी किती दिवसांनी येते?
मुलांना घरीच शिकवताना फिरतं वेळापत्रक ठेवलं, म्हणजे विषयांना वार न बांधता यादीतल्या क्रमाने एकेक घेत गेलं, तर 'कुठलाच विषय मुरत नाही' असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटला. गणित आणि वाचन आमच्याकडेही फिरत नाही, ते रोजच. पण बाकीच्या विषयांना वार बांधून दिले होते तेव्हा शुक्रवारचं विज्ञान हमखास बुडायचं. कधी पाहुणे, कधी ताप, कधी नुसता कंटाळा. आता वार नाहीत, फक्त क्रम आहे. आज जिथे थांबलो तिथून पुढच्या वेळी सुरू.

एक हिशेब मात्र मांडायला हवा. यादीत ६ विषय आणि आठवड्याला ३ तासिका असतील, तर एकेका विषयाची पाळी दोन आठवड्यांनी येते. आमचं घोडं तिथेच अडलं. १४ दिवसांनी विद्युत परिपथाची (सर्किटची) वही उघडली तर मुलगी स्वतःच्याच आकृतीकडे बघत म्हणाली, "हा बल्ब मी का काढला होता?" मग हस्तकला यादीतून काढली (मुलगी ती आपणहून करतेच) आणि विज्ञान दोनदा घातलं, पहिलं आणि चौथं. आता ते दर आठवड्याला येतं. शिवाय सुरुवातीची पाच मिनिटं वही मिटून, मागचं जे आठवेल ते सांगायचं. स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, म्हणून नवा धडा असेल तर दुसऱ्या दिवशीही अशी उजळणी घेते.

यादी फ्रिजवर आहे, चालू विषयाला कपड्यांचा चिमटा. तो सरकवायचा मान धाकट्याचा. पठ्ठ्या अधूनमधून भूगोल ओलांडून थेट चित्रकलेवर नेऊन ठेवतो.