दर कनेक्शनला एक थ्रेड: आजही का नको?

सर्व्हरवाला:
नवा चॅट सर्व्हर लिहायचाय. पहिल्याच बैठकीत "थ्रेड नकोत, इव्हेंट लूपच घ्या" असं ठरून गेलं. म्हणजे दर कनेक्शनला स्वतंत्र चालणारा कामाचा धागा (थ्रेड) नको, एकच धागा फिरत राहून जिथे काही घडलंय तेवढंच हाताळेल. मला हे अजिबात पटलेलं नाही. डॅन केगल यांनी १९९९ मध्ये दहा हजार कनेक्शनचा प्रश्न मांडला, तेव्हाचं लिनक्स वेगळं होतं. "थ्रेडला ८ एमबी स्टॅक (त्याच्या कामाची तात्पुरती मेमरी), म्हणजे दहा हजारांना ८० जीबी रॅम" हा हिशोब आजही तोंडावर फेकतात. अहो, ती नुसती राखून ठेवलेली पत्त्यांची जागा! प्रत्यक्ष रॅम स्टॅक वापरला जाईल तेवढीच लागते, वर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) स्टॅक १६ केबी.

आणि थ्रेडचा कोड बघा: वाच, तपास, लिही. काही फाटलं तर स्टॅक ट्रेसमध्ये (कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत) अख्खी वाट दिसते. कॉलबॅकमध्ये (इव्हेंट लूप नंतर बोलावतो त्या फंक्शनमध्ये) ट्रेस इव्हेंट लूपपाशी येऊन संपतो, मग बसा शोधत.

रात्रपाळी:
असहमत. चॅटमध्ये बहुतेक कनेक्शन गप्प असतात. त्या प्रत्येकापाठी एक थ्रेड झोपवून ठेवायचा कशाला? ईपोलकडे (लिनक्सची कनेक्शनवर लक्ष ठेवणारी सोय) सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं टोक, एकदा नोंदवलं की ज्यांवर काही आलंय तेवढ्यांचीच यादी हातात येते. सिलेक्ट या जुन्या सोयीसारखं दरवेळी सगळे चाळावे लागत नाहीत. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ पासून मोजक्या वर्कर प्रोसेसवर हेच करतंय. स्लोलोरिस हा हल्लाही आठवा: विनंतीचं अर्धवट हेडर रेंगाळत पाठवत राहिलं की अपाचे वेब सर्व्हरचे सगळे वर्कर अडकून पडायचे.

जावावाली:
दोघांनीही जावा २१ बघा, सप्टेंबर २०२३ चं. व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतः सांभाळते तो हलका थ्रेड) सॉकेटवर थांबला की खालचा ओएस थ्रेड (ऑपरेटिंग सिस्टिमचा खरा थ्रेड) मोकळा होतो. लिनक्सवर खाली ईपोलच आहे, पण तुमचा कोड सरळच राहतो. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (एका वेळी एकच थ्रेड शिरू शकतो त्या कोडमध्ये) थांबला तर खालचा थ्रेडही अडकायचा, ते दुखणं जावाच्या जेडीके २४ मध्ये जवळपास गेलं.

रात्रपाळी:
लाखभर व्हर्च्युअल थ्रेड उघडाल हो, पण मागे पोस्टग्रेस डेटाबेस आहे ना! तिथे दर कनेक्शनला एक प्रोसेस, आणि न बदलता वापरलं तर मर्यादा १०० ची. थ्रेडपूल (ठरावीक संख्येच्या थ्रेडचा साठा) होता तोवर तोच बांध घालत होता. आता तो बांध कोण घालणार?

सर्व्हरवाला:
आपणच! क्वेरीच्या आधी सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा दरवान) लावायचा, दोन ओळींचं काम. तेवढ्यासाठी अख्खा सर्व्हर कॉलबॅकमध्ये चिरायचा नाही. जावावाली, आभार. पुढच्या बैठकीत व्हर्च्युअल थ्रेडचाच पर्याय मांडतो. रात्रपाळी, गप्प कनेक्शनचा तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो ओएस थ्रेडपुरता.