मदत हवी आहे: फुटाळ्याचे फोटो जोडताना कठडा तुटतोय

तर्री_पोहे: नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावरून संध्याकाळी फोटो काढले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जोडायला गेलो तर पुढचा कठडा दोन जागी तुटून राहिला, पलीकडचा काठ केळ्यासारखा वाकडा येतो, वरून आकाशात उभे पट्टे. सगळ्या सेटिंग बदलून पाहिल्या. मामाच्या दुकानाचं उद्घाटन शनिवारी आहे, भिंतीवर दहा फुटी लावायचाय. लवकर सांगा बाप्पा.

जुनी_लेन्स: कशात जोडताय? कॅमेरा की मोबाईल? ट्रायपॉड होता? कठडा किती जवळ होता?

बजाजनगरकर: एवढी झंझट काहून करून राहिला? मोबाईलचा पॅनोरमा मोड लाव, हात फिरव, झालं. मी दीक्षाभूमीचा तसाच काढला, एक नंबर आला.

जुनी_लेन्स: तो दहा फुटांवर छापून बघा एकदा. चालणारी माणसं अर्धी कापली जातात त्यात.

बजाजनगरकर: स्टेटसला ठेवला तेव्हा तर कोणालेच अर्धी माणसं दिसली नाही.

फ्लेक्सवाला: दहा फूट म्हणजे 120 इंच. इंचाला 100 पिक्सेल धरले तरी रुंदी 12000 पिक्सेल पाहिजे. फाईल टिफमध्ये आणा, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली चालणार नाही.

तर्री_पोहे: दादा, छापायचं मग पाहू. आधी जुळू तर द्या.

विंडोज_सात: मायक्रोसॉफ्टचं आयसीई घ्या. फोटो टाकले की आपोआप जोडतं.

रेशीमबाग_ताई: ते कंपनीने कधीचंच बंद केलं. आता भलत्यासलत्या साईटवरून उतरवू नका. आणि तर्रीभाऊ, विचारलेल्याची उत्तरं द्या की.

तर्री_पोहे: हगिन सॉफ्टवेअरमध्ये जोडतो. कॅमेरा, किट लेन्स 18 मिमीवर. ट्रायपॉड नाही. कठड्याला टेकूनच उभा होतो. एक्सपोजर ऑटोवर, सगळे ऑटोवरच काढतात ना?

जुनी_लेन्स: तुमची दुखणी तीन आहेत, औषधं वेगवेगळी.

कठडा तुटतो तो पॅरॅलॅक्समुळे. आपण कंबरेतून वळतो तेव्हा कॅमेरा हातभर सरकतो. पलीकडच्या झाडांना फरक पडत नाही, पण हाताशी असलेला कठडा जागा बदलतो. लेन्समध्ये समोरून डोकावलं की जे छिद्र दिसतं, त्या जागेभोवती कॅमेरा फिरला पाहिजे. ट्रायपॉडचा स्क्रू त्याच्या मागे असतो, म्हणून नुसत्या ट्रायपॉडनेही जवळच्या वस्तू पूर्ण जुळत नाहीत. चार पावलं मागे सरका किंवा कठडा फ्रेमबाहेर ठेवा.

काठ वाकतो कारण कॅमेरा खाली झुकलेला होता. इमारतींच्या कडांवर उभ्या रेषांचे कंट्रोल पॉइंट (फोटो जुळवायच्या खुणा) द्या आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा. पाण्यावरचे पॉइंट हाताने काढून टाका, लाटा एका जागी राहत नाहीत. ढगांवरचे काढायला हगिनमध्ये सेलेस्ट नावाचं साधन आहे.

पट्टे ऑटोमुळे, प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा आला. फोटोमेट्रिक ऑप्टिमाइझ (उजेड-रंग जुळवणं) केल्यावर बरेच जातील.

रेशीमबाग_ताई: एक राहिलं. सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये (फोटो नळकांड्यावर गुंडाळल्यासारखा मांडायची पद्धत) क्षितिज सरळ येतं, पण पुढचा सरळ कठडा कमानीसारखा दिसणारच. रेक्टिलिनियर केलं तर तो सरळ होईल, मात्र 120 अंशांच्या पुढे कडेची माणसं ताणली जातात. दोन्ही एकदम मिळत नाही.

गगनभेदी: ड्रोनने काढा ना, कठड्याचा प्रश्नच मिटला.

रेशीमबाग_ताई: वायुसेनानगर शेजारीच आहे. आधी डिजिटल स्काय या सरकारी साईटवरचा ड्रोनचा नकाशा उघडा, मग सल्ले द्या.

सावजी_रस्सा: फुटाळ्यावर गर्दी फार झाली राव. मी म्हणतो अंबाझरीचा काढा, शांत आहे.

तर्री_पोहे: मामाचं दुकान फुटाळ्यापाशी आहे, अंबाझरीचा फोटो लावून काय करू?

पाण्यावरचे पॉइंट उडवले, काठ सरळ झाला! पट्टेही फिके पडले. कठडा डावीकडे अजून तुटतो.

जुनी_लेन्स: मास्क टॅबमध्ये जा. कठड्याचा तो भाग दोनपैकी एकाच फोटोतून घ्या, दुसऱ्यातला वगळा. सांधा खांबामागे लपवा. तरी नाही जमलं तर पुन्हा काढा: कॅमेरा उभा, मॅन्युअल मोड, व्हाइट बॅलन्स लॉक, शेजारच्या फोटोंत तिसरा हिस्सा सामाईक. पोलरायझर फिल्टर लावू नका, रुंद आकाश एकसारखं येत नाही.

तर्री_पोहे: मास्क करून पाहतो. पण एक काका दोनदा आले आहेत, डावीकडे आणि मध्ये. त्यांचं काय?

रेशीमबाग_ताई: तोच मास्क. एका जागचे काका वगळा.

बजाजनगरकर: मामाले विचार, राहू दे म्हणतील.