ट्यूब ॲम्पची गुणगुण जाईना: चोक घेऊ, कपॅसिटर वाढवू की ट्रान्सफॉर्मरच बदलू?

खर्जातला
मंडळी, गिटारसाठी पहिलाच ट्यूब ॲम्प घरी बांधला. नकाशा फेंडर चॅम्प ५एफ१ चा: एक १२एएक्स७ (सिग्नल आधी वाढवणारी, प्रीॲम्पची ट्यूब), एक ६व्ही६ (स्पीकर हलवणारी पॉवर ट्यूब), रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ५वाय३. वाजतो झकास. पण हात थांबला की मागे अखंड घूंऽऽऽ. तानपुरा समजून एखादा गायला बसेल.

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आवाज तेवढाच, गिटारची केबल उपटली तरी तेवढाच. पॉवर ट्रान्सफॉर्मर जुना, हाताशी होता म्हणून वापरला. लागतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याला खेटूनच, मध्ये दोन बोटं जागा. चॅसी (सगळं ज्यावर बसवलंय तो सांगाडा) पोलादी पत्र्याची. आता तीन विचार घोळतायत: चोक (डीसीतली उरलेली लहर अडवणारी कॉइल) घालावा, ती लहर सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर मोठे करावेत, की सरळ टोरॉइड (कड्यासारख्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर) आणावा? आधी खर्च कशावर करू?

घाईगर्दी
काही आणू नका. प्लगची अर्थची पिन मोकळी सोडून बघा. माझी गुणगुण त्यानेच गेली.

जुनासोल्डर
वरचा सल्ला कृपा करून कोणी पाळू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधीतरी दगा देतं आणि चॅसीत करंट येतो. चॅसीला गिटारच्या तारा जोडलेल्या, तारांवर तुमची बोटं. अर्थ असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर करंटला वाट तुमच्या अंगातून. दोन उपकरणांमध्ये ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडल्यानं त्यातून फिरणारा प्रवाह) होत असेल तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतात. अर्थला हात लावत नाहीत.

खर्जातला, तुम्ही सांगितलेल्या तिन्हींपैकी एकही वस्तू अजून घेऊ नका. आग कुठे लागलीय ते कळायच्या आत बंब पाठवला तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. व्हॉल्यूम फिरवून फरक पडत नाही, म्हणजे भानगड व्हॉल्यूमच्या पुढे आहे, इनपुटकडे नाही. एवढ्यानं अर्धा ॲम्प सुटला. आता दोन गोष्टी सांगा. आवाज स्पीकरमधून येतो की ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो? आणि पट्टी कोणती?

खर्जातला
येतो स्पीकरमधूनच. पट्टी म्हणजे?

एकतारी
हे मी सांगतो, कारण याला कुठलंही यंत्र लागत नाही. गिटार सुरात लावा (ॲम्पला न जोडता), सर्वांत जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबा. तो स्वर ९८ हर्ट्झचा. मेन्स ५० हर्ट्झचा असेल तर रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची असते, म्हणजे गुणगुण या स्वराला जवळजवळ मिळते, केसभर चढी. त्याच स्वराच्या खालच्या सप्तकात ऐकू आली तर ५० हर्ट्झ. मेन्स ६० चा असेल तिथे १२० हर्ट्झ सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या मधोमध पडतात.

१०० असेल तर संशय फिल्टरवर आणि ग्राउंडच्या वाटेवर. ५० असेल तर हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरी किंवा चुंबकीय गळती. एक मेख आहे: आठ इंची स्पीकरला ५० हर्ट्झ धड वाजवताच येत नाहीत, त्यामुळे कानावर येतात ते वरचे गुणज. म्हणून ‘मऊ घूं’ की ‘खरखरीत झ्झ्झ’ हेही लक्षात ठेवा.

खर्जातला
दोन्हींची भेळ वाटतेय. मऊ घूं जास्त, त्यावर थोडी खरखर.

जुनासोल्डर
मग एकेक ट्यूब काढत जा. क्रम महत्त्वाचा आहे, आणि प्रत्येक वेळी ॲम्प बंद, प्लग बाहेर, कपॅसिटर रिकामे. कपॅसिटर आपोआप रिकामे होतात यावर विसंबू नका. ४७ मायक्रोफॅरडला २२० किलो-ओहमचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) लावला असेल तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे व्होल्टेज साधारण एक-तृतीयांशावर यायचा वेळ, सुमारे १० सेकंद होतो, व्होल्टेज नाहीसं व्हायला पाऊण-एक मिनिट जातं. ब्लीडर नसेल तर तासाभरानंतरही झटका बसू शकतो. मीटर लावून आकडा बघितल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

पहिल्यांदा १२एएक्स७ काढून ऐका. गुणगुण राहिली तर ६व्ही६ आणि ५वाय३ दोन्ही एकदम काढा. रेक्टिफायर आत ठेवून बाकीच्या काढू नका: भार नसला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज शिखराला जातं, ३२५ व्होल्टच्या वाइंडिंगवर सुमारे ४६०. तुमचे कपॅसिटर ४५० चे असले तर ते मर्यादेबाहेर जातात. आणि सगळ्या ट्यूब बाहेर असल्या तरी ५वाय३ च्या सॉकेटवर ते ३२५ व्होल्ट जिवंत असतातच, हे विसरू नका.

खर्जातला
केलं. १२एएक्स७ काढल्यावर खरखर होती तशीच, घूं पण तसाच. मग सगळ्या ट्यूब काढल्या. खरखर गेली. घूं तसाच! ट्यूबच नाहीत, तर वाजवतंय कोण? खरं सांगतो, अंगावर काटा आला.

वळणदार
भूत नाही, ते चुंबकीय क्षेत्र आहे. ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यात बरीच वर्षं घालवलीत, म्हणून जरा लांबण लावतो.

पॉवर ट्रान्सफॉर्मरचं सगळं क्षेत्र गाभ्यात मावत नाही, थोडं बाहेर सांडतं. त्या सांडलेल्या क्षेत्रात तुमचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसलाय. त्याला काय माहीत ते क्षेत्र कुणाचं? तो ते गोळा करतो आणि थेट स्पीकरला देतो. मधल्या सर्किटचा इथे काडीचा संबंध नाही. म्हणून चोक घाला, कपॅसिटर दुप्पट करा, हा घूं जागचा हलणार नाही. त्यात तुमची चॅसी पोलादी. ॲल्युमिनियम चुंबकीय नाही, पोलाद आहे. ते एका ट्रान्सफॉर्मरखालचं क्षेत्र दुसऱ्याच्या पायाशी नेऊन सोडू शकतं. शिवाय सिंगल एंडेड (एकाच पॉवर ट्यूबच्या) ॲम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये मुद्दाम हवेची फट ठेवलेली असते, कारण त्यातून ६व्ही६ चा डीसी वाहतो. त्या फटीपाशी बाहेरच्या क्षेत्राला शिरकाव सोपा.

उपाय फुकटचा आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढा. प्रायमरीच्या (ट्यूबकडच्या गुंडाळीच्या) वायरी सर्किटमधून सोडवून टोकं नीट झाका. सगळ्या ट्यूब बाहेरच हव्यात. ६व्ही६ आत राहिली आणि प्लेटची वायर सुटलेली असली तर प्रवाहाचा सगळा बोजा स्क्रीनवर (ट्यूबमधल्या एका जाळीवर) पडून ट्यूब जळते. स्पीकर जोडलेला राहू द्या, त्याच्या दोन टोकांवर मीटर एसी मिलिव्होल्टवर लावा. आता प्लग घाला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हातात धरून सावकाश फिरवा. एकच हात, दुसरा पाठीमागे. आकडा चढेल, उतरेल, आणि एका कोनात जवळपास नाहीसा होईल. बहुतेक वेळा दोघांच्या गुंडाळ्यांचे अक्ष काटकोनात आले की ही जागा सापडते, पण पुस्तकी काटकोनावर अडून बसू नका. अंतर वाढवल्याचा फायदा तर फार झपाट्यानं होतो.

भार नसतानाची शांत जागा आणि ॲम्प चालू असतानाची जागा थोडी वेगळी निघते, कारण भाराबरोबर गळती बदलते. म्हणून भोकं लगेच पाडू नका. वायरी लांब ठेवून आधी वाजवून बघा.

खर्जातला
वळणदार, तुमच्या हाताला सोन्याचं कडं! आधी ४१ मिलिव्होल्ट होते. काटकोनात ९ झाले, आणखी थोडा तिरका करून चार बोटं लांब सरकवल्यावर ३. कान स्पीकरला टेकवल्याशिवाय घूं ऐकू येत नाही.

ट्यूब परत घातल्या. खरखर मात्र जागेवर आहे, आणि ती तिसऱ्या फ्रेटला मिळते. आता तरी चोक?

जुनासोल्डर
नाहीच. आधी सांगा, हाय व्होल्टेज वाइंडिंगचा मधला टॅप (गुंडाळीच्या मध्यातून काढलेली वायर) कुठे जोडलाय?

खर्जातला
ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली, चॅसीला. पहिल्या कपॅसिटरचं ऋण टोक दुसऱ्या बाजूला, इनपुट जॅकजवळ जागा होती म्हणून तिथे.

जुनासोल्डर
सापडलं. पहिला कपॅसिटर भरतो तेव्हा प्रवाह सलग वाहत नाही, सेकंदाला १०० धक्क्यांनी येतो, आणि प्रत्येक धक्का सरासरी प्रवाहाच्या कितीतरी पट असतो. ते धक्के मधल्या टॅपकडे परतताना तुमच्या अख्ख्या चॅसीतून फिरतात. पत्र्याचा रोध नगण्य, पण शून्य नाही. ‘ग्राउंड’ म्हणून जे जे तुम्ही वाटेत जोडलंय ते सगळं त्या धक्क्यांबरोबर नाचतं. झ्झ्झ येतो तो त्याचा.

मधला टॅप चॅसीवरून काढा आणि वायरीनं थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर न्या. ६व्ही६ च्या कॅथोडचं ग्राउंडही तिथेच. प्रीॲम्पचं ग्राउंड वेगळं गोळा करून त्याच्या स्वतःच्या कपॅसिटरपाशी. सर्किटची चॅसीशी गाठ एकाच ठिकाणी, इनपुट जॅकजवळ. मेन्सच्या अर्थचा बोल्ट या सगळ्यांपासून वेगळा, त्याखाली दुसरी कुठलीही वायर नको.

कपॅसिटरचं म्हणाल तर ५वाय३ ला पहिला कपॅसिटर मनाला येईल तेवढा मोठा देता येत नाही, भरतानाचा धक्का तिला झेपत नाही. मूळ नकाशात १६ मायक्रोफॅरड आहे, त्याच्या आसपास राहा. पुढच्या टप्प्यांवर हवं तर वाढवा. पण तिथेही गरज किती ते बघा: १०० हर्ट्झला ८ मायक्रोफॅरडची रिॲक्टन्स (एसीला होणारा अडथळा) सुमारे २०० ओहम, आधीचा रेझिस्टर १० किलो-ओहमचा, म्हणजे लहर ५० पट कमी झालेली असतेच.

मधलीसुट्टी
धाग्यात घुसतोय. माझ्या ॲम्पमध्ये स्पीकर शांत आहे, ट्रान्सफॉर्मरच टेबलासकट गुरगुरतो. फिरवून उपयोग होईल?

वळणदार
नाही, तुमचं दुखणं वेगळं. पत्र्या सैल असतील, बोल्ट आवळून बघा, पण जीव खाऊन नको. चॅसीशी टेकतो तिथे रबरी वॉशर घाला, कारण निम्मा आवाज चॅसीचा असतो. टोरॉइड असेल आणि कधी शांत, कधी गुरगुर असं होत असेल तर मेन्समध्ये थोडा डीसी मिसळलेला असू शकतो. टोरॉइडला तो मुळीच सहन होत नाही. आणि हात ठेवता येणार नाही इतका तापत असेल तर आवाजाचं राहू द्या, आधी तो बंद करा.

खर्जातला
मधला टॅप हलवला. दोन वायरी आणि वीस मिनिटांचं काम. खरखर गेली! व्हॉल्यूम पूर्ण चढवल्यावर किंचित मऊ घूं येतो, तो आता व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होतो.

एकतारी
म्हणजे तो प्रीॲम्पमधला, बहुधा हीटरचा. हीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्या, ग्रिडच्या (ट्यूबला सिग्नल देणाऱ्या) वायरीला काटकोनात ओलांडू द्या. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टर, प्रत्येक टोकाकडून एक, आणि त्यांचा सांधा ६व्ही६ च्या कॅथोडवर. कॅथोडवरचे १५–२० व्होल्ट हीटरला आयते मिळतात आणि १२एएक्स७ मधली हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती थांबते. मात्र वाइंडिंगचं एखादं टोक आधीच चॅसीला असेल तर ते आधी सोडवा.

खर्जातला
होतं चॅसीला! सोडवलं, रेझिस्टर लावले. आता वाजवायचं थांबलो की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. एकूण खर्च दोन रेझिस्टर. आउटपुट ट्रान्सफॉर्मर चॅसीवर वाकडा बसलाय, बघणारा प्रत्येक जण ‘हा सरळ कर की’ म्हणतो.

घाईगर्दी
माझ्या ॲम्पची पिन परत बसवली. गुणगुणही परत आली. तिसरा फ्रेट दाबून बसलोय, मिळतेय, केसभर चढी. मधला टॅप शोधायला चॅसी उघडतो.