गचाचा: रवांडापुढे दुसरा मार्ग होता का?

पायवाट
एप्रिल ते जुलै १९९४. जेमतेम शंभर दिवसांत पूर्व आफ्रिकेतल्या रवांडात, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, ८ लाख माणसं मारली गेली. बहुतेक अल्पसंख्य तुत्सी समाजाची, शिवाय कत्तलीला विरोध करणारी बहुसंख्य हुतू समाजातलीही. मारणारे कोण? शेजारी, गावचे पुढारी, काही ठिकाणी तर पाद्री. न्यायाधीश एकतर मेले होते किंवा पळाले होते. २००० च्या आसपास तुरुंगांत सुमारे १ लाख २० हजार कैदी कोंबलेले होते, आणि कोर्टांच्या चालू वेगाने खटले उरकायला शंभर वर्षंही पुरली नसती.

मग सरकारने गावातली तंटे मिटवायची जुनी बैठक, गचाचा, कायद्यात बसवली. २००२ मध्ये चाचणी, २००५ पासून देशभर, जून २०१२ मध्ये समारोप. सुमारे १२ हजार न्यायालयं, १९ लाखांच्या घरात प्रकरणं. पंच गावाने निवडलेले, बिनपगारी. गुन्हा कबूल केला, प्रेतं कुठे पुरली ते सांगितलं, तर शिक्षा कमी. त्यातलीही बरीचशी रस्ते किंवा शेताचे बांध घालण्याच्या कामात फेडायची.

तिकडे टांझानियातल्या अरुशात याच कत्तलीच्या खटल्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण २०१५ पर्यंत चाललं. एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च, ६१ जण दोषी. माझं मत सरळ आहे: गचाचा ओबडधोबड होतं, पण त्या देशाला तेच झेपणारं होतं.

कलम_कसाई
वकील नाही हे आपण अलगद गाळलंत की हो! आरोपीला वकील नाही, पंचांना जेमतेम प्रशिक्षण, आणि बाजूने साक्ष द्यायला उठलेल्या माणसावरच उद्या आरोप होण्याची धास्ती. रस्ते-बांधांचं कौतुक ठीक आहे, पण २००८ च्या दुरुस्तीनंतर हीच मंडळी जन्मठेपही देऊ शकत होती. जमिनीच्या भांडणातून खोटे आरोप झाल्याच्या तक्रारीही आहेत. आपल्याकडे जातपंचायतीने कुणाला महिनाभर वाळीत टाकलं तरी आपण कायदा काढतो, आणि इथे जन्मठेप चालते?

पायवाट
जातपंचायत कायद्याबाहेर चालते, गचाचा संसदेच्या कायद्याने चालत होतं. आणि नेहमीच्या कोर्टांनी काय दिवे लावले तेही बघा. २४ एप्रिल १९९८ ला २२ जणांना जाहीरपणे गोळ्या घातल्या, लोक बघायला जमले होते. त्यातल्या काहींना धड वकीलही मिळाला नव्हता. फाशी-गोळीची शिक्षाच २००७ मध्ये रद्द झाली.

माळरान
वकिलावरून कितीही भांडा, खरं दुखणं वेगळं आहे. कत्तल थांबवली ती आरपीएफने, म्हणजे पॉल कागामेंच्या तुत्सीबहुल बंडखोर सैन्याने, आणि सत्तेवरही तेच आले. त्यांच्या सैनिकांनी मारलेल्यांचं काय? १९९५ मध्ये किबेहोच्या छावणीत सैन्याने विस्थापितांवर गोळीबार केला. २००४ च्या कायद्याने युद्धगुन्हे, म्हणजे या सैनिकांचे गुन्हेही, गचाचाच्या कक्षेतून काढूनच टाकले. अरुशाच्या सरकारी वकील कार्ला डेल पॉन्टे आरपीएफच्या मागे लागल्या, २००३ मध्ये त्यांच्याकडून ते काम गेलं. कबगायीत बिशपांसह पाद्र्यांना मारल्याबद्दल २००८ मध्ये चार अधिकाऱ्यांवर लष्करी खटला झाला. दोघे सुटले, दोघांना अखेर पाच-पाच वर्षं. जिंकलेल्याने भरवलेल्या कोर्टाला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उंबरठा
माळरान, हे दोन्ही एका पारड्यात घालू नका. एक वंशच संपवायचा म्हणून नाक्यानाक्यावर ओळखपत्रं तपासून केलेली कत्तल आणि सैन्याने केलेले सूडाचे गुन्हे, यांत फरक आहे. "दोन्हीकडून झालं" हे पालुपद अरुशात आरोपींचे वकीलच आळवत होते.

माळरान
फरक आहे, मान्य. पण ज्या हुतू बाईचा नवरा किबेहोत मेला तिने कुठल्या बैठकीत उभं राहायचं? बोलली तर २००८ चा 'वंशसंहाराची विचारसरणी' रोखणारा कायदा होताच (२०१८ मध्ये त्याच्या जागी दुसरा आला), इतका मोघम की त्यात कुणालाही बसवता यावं.

सईची_आई
तुमच्या सगळ्यांच्या हिशेबात बायका कुठे आहेत? बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग असू शकतो हे जगात पहिल्यांदा अरुशानेच १९९८ मध्ये अकायेसू या स्थानिक पुढाऱ्याच्या खटल्याच्या निकालात ठरवलं, त्यामुळे ६१ च्या आकड्यावरून त्याला हिणवू नका. उलट गचाचाकडे २००८ मध्ये बलात्काराचे खटलेही सोपवले. ज्या बायकांनी नेहमीच्या कोर्टाच्या भरवशावर तक्रार केली होती, त्यांना आता गावातल्या पंचांपुढे बोलायचं होतं. सुनावणी बंद दाराआड म्हणे! त्या दारातून आत कोण गेलं हे अख्खं गाव बघतं, आणि पंचांत आरोपीचा नातलग असला तर?

भरपाईचंही तेच. लुटलेल्या गुरांची, पाडलेल्या घराची भरपाई गचाचा ठरवू शकत होतं, मेलेल्या माणसाची नाही. ठरलेलीही कित्येकांना मिळाली नाही, कारण देणाराच कफल्लक.

पायवाट
बायकांच्या खटल्यांबाबत सईच्या आईंशी पूर्ण सहमत, ते गावात आणायलाच नको होते. पण प्रेतं कुठे आहेत हे अरुशात बसून कळलं नसतं. कित्येक घरांना आपल्या माणसांची हाडं पुरायला मिळाली ती या कबुल्यांमुळेच.

कलम_कसाई
अर्ध्या कबुल्याही होत्या. शिक्षा कमी व्हावी म्हणून मेलेल्या साथीदाराच्या माथी सगळं मारायचं आणि मोकळं व्हायचं. लांबलचक शिक्षा भोगून आता माणसं त्याच टेकड्यांवरच्या घरी परतताहेत. त्यांच्या निकालाला वरचं स्वतंत्र कोर्ट कधी लागलंच नाही, अपिलं ऐकली तीही गचाचानेच. एवढं तरी वेगळं ठेवायला पैसा नाही, इच्छा लागत होती.