अचूक वाचणारे, पण अडखळणारे मूल

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणून मराठी माध्यमातील मुलांना डिस्लेक्सिया (वाचन शिकण्यात येणारी कायमची अडचण) फारसा जाणवत नाही, हे मत मला अर्धेच पटते. २००१ साली संशोधक पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात इटालियन, फ्रेंच व इंग्रजी भाषक प्रौढांच्या मेंदूच्या पेट स्कॅनचा (मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या चित्रणाचा) अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाणारी इटालियन वाचणाऱ्या डिस्लेक्सिकांचे वाचन इतर दोन गटांपेक्षा अधिक अचूक होते, तरीही वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या ठरावीक भागांतील क्रिया तिन्ही भाषांच्या डिस्लेक्सिकांत सारखीच मंद आढळली. म्हणजे सरळ लिपी चुका कमी करते, मूळ अडचण मात्र राहतेच.

शिवाय देवनागरी वाटते तितकी सरळ नाही. 'किरण' लिहिताना वेलांटी क-च्या आधी येते, पण उच्चारात नंतर. 'सूर्य'मधला रफार य-च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारला जातो त्याच्या आधी. असे प्रत्येक जोडाक्षर मनात सोडवत बसणारे मूल शेवटी बरोबर वाचते, पण तोवर वाक्याचा अर्थ हातून निसटलेला असतो. केवळ चुका मोजणाऱ्या चाचणीतून हे मूल हमखास सुटते, म्हणून मराठीत वाचनाचा वेग मोजणे मला अत्यावश्यक वाटते.